औषध चुकतें तेव्हां

गडचिरोली जिल्ह्यांत पावसाळा लागला कीं हिवतापाचा हंगाम सुरू होतो. महाराष्ट्रांतील हिवतापाचे रुग्ण मोठ्या संख्येनें याच जिल्ह्यांत सांपडत आले आहेत. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यांतील एखाद्या टोल्यावर मूल तापानें फणफणलें, तर डॉक्टर येण्यापूर्वीं त्याच्या उशाशीं गांवची आशा कार्यकर्ती पोंचते. ती बोटांतून रक्ताचा थेंब काढून तपासते, आणि फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप ठरला तर गोळ्यांचें पाकीट देते. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१३ सालच्या नियमावलींत या पाकिटांचे पांच रंग दिलेले आहेत : एक वर्षाच्या आंतील मुलासाठीं गुलाबी, एक ते चार वर्षांसाठीं पिवळा, पांच ते आठ वर्षांसाठीं हिरवा, नऊ ते चौदा वर्षांसाठीं लाल आणि त्यापुढील सर्वांसाठीं पांढरा.

हे रंग शोभेसाठीं नाहींत. रात्रीच्या वेळीं, बॅटरीच्या उजेडांत, रडणाऱ्या मुलाजवळ बसून दर किलोमागें किती मिलिग्रॅम याचा हिशेब करण्याचें काम त्या बाईवर पडूं नये, यासाठीं ते आहेत. हिशेबच करावयाचा नाहीं, म्हणजे तो चुकण्याचा प्रश्नहि उरत नाहीं. रुग्णालयांतून औषधांच्या बाबतींत ज्या चुका होतात त्या कशा आवराव्या, या मोठ्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर या लहानशा पाकिटांत आहे.

औषधाची चूक म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. योग्य औषध योग्य मात्रेंत देऊनहि एखाद्याच्या अंगावर पुरळ उठतें किंवा त्याला ओकाऱ्या होतात. तो औषधाचा अनिष्ट परिणाम होय. त्यांत कोणाची चूक असतेच असें नाहीं. परंतु औषध लिहितांना, ओळखतांना, तयार करतांना, देतांना किंवा दिल्यानंतर रुग्णाकडे लक्ष ठेवतांना जें टाळतां आलें असतें तें टळलें नाहीं, तर तिला औषधाची चूक म्हणतात. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, फार्मासिस्ट ती वाचून औषध काढतो, परिचारिका तें मोजते व टोचते, आणि मग कोणी तरी रुग्णाची नाडी व श्वास पाहत राहतें. एवढ्या हातांतून जाणाऱ्या वस्तूला वाट चुकण्याच्या जागा पुष्कळ. म्हणून परिचारिकांच्या शिक्षणांत पांच गोष्टी पाठ करून घेतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. पाठांतर चांगलेंच, परंतु सलग रात्रपाळी करून थकलेल्या, एकाच वेळीं चार खाटांवरून हांका येत असलेल्या परिचारिकेला नुसतें पाठांतर पुरत नाहीं.

या जागा किती क्षुल्लक असतात हें पाहण्यासारखें आहे. क्लोरप्रोमाझिन हें मनोविकारावरील औषध, तर क्लोरप्रोपामाइड हें मधुमेहावरील. घाईच्या अक्षरांत दोन्हीं नांवें सारखींच दिसतात. अर्धा मिलिग्रॅम लिहितांना दशांशचिन्हापूर्वींचें शून्य गाळलें आणि टिंब पुसट उमटलें, कीं अर्ध्याचे पांच होतात. पांच या आंकड्यापुढें टिंब देऊन विनाकारण शून्य लिहिलें, कीं पांचाचे पन्नास होतात. मधुमेह असलेल्या घरांना परिचित असलेलें इन्सुलिन भारतांत दोन शक्तींचें मिळतें. एका मिलिलिटरांत चाळीस एककांचें आणि शंभर एककांचें. त्यांच्या सिरिंजाहि निराळ्या : चाळिसाच्या सिरिंजेचें टोपण लाल, शंभराच्या सिरिंजेचें नारिंगी. शंभराचें इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजेनें घेतलें, तर प्रत्येक खुणेमागें अडीचपट औषध अंगांत जातें, आणि रक्तांतील साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडूं शकतो. तेव्हांच्या भारतीय वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं, औषधांचीं मूळ नांवें स्वच्छ व शक्य तों मोठ्या अक्षरांत लिहावीं, असा नियम केला, त्याच्या मागें हाच अनुभव आहे.

जंगलाच्या मुलुखांत या सर्वसाधारण कारणांत आणखी कांहीं कारणांची भर पडते. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पण त्यानंतरहि अंतरें तींच राहिलीं. सिरोंच्याहून गडचिरोलीला यावयाचें म्हणजे दोनशें किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. भामरागडाकडे माडिया व गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आणि मुलचेरा-चामोर्शीकडील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. चिठ्ठी इंग्रजींत, सूचना मराठींत आणि रुग्णाचे कान माडियाचे, अशा ठिकाणीं "दिवसांतून दोन गोळ्या" याचा अर्थ दोन्हीं गोळ्या एकदम, असाहि होऊं शकतो. सांगून झालें म्हणजे समजलें असें नाहीं. रुग्णाकडून किंवा त्याच्या आईकडून तीच सूचना तिच्या शब्दांत परत म्हणवून घेतली, तरच ती पोंचली असें समजावें.

हिवतापाचेंच आणखी एक उदाहरण घ्यावें. व्हायव्हॅक्स जातीचे जंतु यकृतांत दडून बसतात आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां ताप आणतात. त्यांचा नायनाट करण्यासाठीं प्रायमाक्विन नांवाची गोळी चौदा दिवस देतात. तान्ह्या मुलांना व गरोदर स्त्रियांना ती देत नाहींत. शिवाय कांहीं माणसांच्या रक्तांत जन्मतःच 'जी-सिक्स-पीडी' या द्रव्याची उणीव असते. मध्य भारतांतील कांहीं आदिवासी समाजांत ती आढळते. अशा माणसाला प्रायमाक्विन दिलें तर त्याच्या तांबड्या पेशी फुटूं लागतात, लघवी काळसर होते, डोळे पिवळे पडतात. औषध बरोबर, मात्राहि बरोबर. माणूस मात्र चुकला. म्हणून गोळी देतांना, लघवीचा रंग गडद दिसला तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यांत या, एवढें एक वाक्य रुग्णाच्या भाषेंत सांगितलें गेलेंच पाहिजे. त्या वाक्याचें मोल गोळीइतकेंच आहे.

सर्पदंशांत तर साधी व्यवहारबुद्धि उलटी फसवते. मुलाला औषध थोडें आणि मोठ्याला जास्त, हा नियम सर्वांच्या अंगवळणीं पडलेला असतो. परंतु सर्पविषावरील लशीची पहिली मात्रा मुलाला मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते. कारण ती शरीराच्या वजनाशीं झगडत नसून सापानें टोचलेल्या विषाशीं झगडत असते, आणि साप समोरच्याचें वय पाहून विष कमी सोडीत नाहीं. या लशीचा कांहींना अकस्मात् तीव्र त्रास होतो, म्हणून ॲड्रेनॅलिनची कुपी जवळ तयार ठेवतात. तेंहि दुधारी शस्त्र आहे. मोठ्या माणसाला हजारांत एक शक्तीचें अर्धा मिलिलिटर मांडीच्या स्नायूंत टोचलें तर प्राण वांचतो. तेंच तसेंच्या तसें शिरेंत झपाट्यानें गेलें तर हृदयाची लय बिघडून प्राण जाऊं शकतो. औषध तेंच, मार्ग तेवढा चुकलेला.

लांबच्या प्रवासांतून उद्भवणारी चूक याहून निराळी आहे. गरोदरपणांत रक्तदाब वाढून झटके येऊं लागलेल्या स्त्रीला प्राथमिक आरोग्य केंद्रांत मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला मोठा डोस देऊन पुढें पाठवितात. ती ग्रामीण रुग्णालयांतून जिल्ह्याच्या ठिकाणीं, आणि तेथून कदाचित् नागपुरास जाते. पहिल्या ठिकाणीं काय दिलें, किती व केव्हां दिलें, हें बरोबरच्या कागदावर नसेल, तर दुसऱ्या ठिकाणीं तोच डोस पुन्हां दिला जाण्याचा धोका असतो. हें औषध प्रमाणाबाहेर गेलें कीं गुडघ्याची प्रतिक्रिया मंदावते आणि मग श्वास मंदावतो. त्यावरील उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, प्रत्येक ठिकाणीं ठेवण्याची रीत आहे. परंतु कागदावरील एक ओळ त्या उताऱ्याची वेळच येऊं देत नाहीं.

चूक झाल्यावर समाज तिच्याकडे कसा पाहतो, हें शेजारच्या एका घटनेंत दिसलें. ३१ जानेवारी २०२१ रोजीं पल्स पोलिओच्या मोहिमेंत, चंद्रपूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी तालुक्यांत, पांच वर्षांच्या आंतील बारा मुलांच्या तोंडांत लशीऐवजीं हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. सुदैवानें तीं सर्व बरीं झालीं. देशभर संताप उसळला आणि तिघां कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. आईबापांचा संताप योग्यच होता. परंतु त्या साथीच्या वर्षीं सॅनिटायझरची बाटली प्रत्येक आरोग्यसेवकाच्या हाताशीं होती, हें विसरून चालत नाहीं. लशीची कुपी आणि दुसरी कोणतीहि बाटली एका टेबलावर येणारच नाहीं, थेंब टाकण्यापूर्वीं कुपीवरील नांव दुसऱ्या माणसाला मोठ्यानें वाचून दाखविलें जाईल, अशी व्यवस्था नसेल, तर निलंबित झालेल्यांच्या जागीं आलेल्या माणसांपुढें तोच धोका तसाच उभा राहतो. माणूस बदलल्यानें बाटलीची जागा बदलत नाहीं.

मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनीं विमानांचे व अणुशक्ति-केंद्रांचे अपघात अभ्यासून हाच विचार मांडला. त्यांनीं भोकें असलेल्या चीजच्या चकत्यांचा दाखला दिला. मराठी घरांत तो एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांनीं समजावून घेतां येईल. प्रत्येक चाळणीला भोकें असतातच. एकीच्या भोकाखालीं दुसरीचा पत्रा आला, तर दाणा अडतो. सर्वांचीं भोकें एका रेषेंत आलीं कीं तो थेट खालीं पडतो. डॉक्टरचें अक्षर, फार्मासिस्टची घाई, सारख्या दिसणाऱ्या कुप्या, अपुऱ्या परिचारिका, रुग्णाचें मौन, या एकेक चाळण्या होत. अपघात झाल्यावर जग शेवटच्या चाळणीला धरतें, कारण दाणा तिच्यांतून पडतांना दिसतो. शहाणपण वरच्या चाळण्याहि तपासण्यांत आहे.

याचा अर्थ कोणालाच जबाबदार धरावयाचें नाहीं असा नव्हे. मद्य पिऊन कामावर येणारा किंवा माहीत असूनहि नियम धाब्यावर बसविणारा शिक्षेला पात्रच आहे. पण प्रामाणिक हातून घडलेल्या चुकीला तीच शिक्षा मिळूं लागली, कीं चुका थांबत नाहींत. त्या लपूं लागतात. आणि लपलेली चूक रुग्णाला दुहेरी घातक ठरते : आजच्या रुग्णावर वेळीं उतारा होत नाहीं आणि उद्यांच्या रुग्णासाठीं कोणी कांहीं शिकत नाहीं.

म्हणून चूक उघडकीस येतांच करावयाच्या गोष्टींचा क्रम ठरलेला असावा. पहिलें काम रुग्णाचें : औषध थांबविणें, श्वास, नाडी व शुद्धि पाहणें, वरिष्ठ डॉक्टरला तत्काळ बोलावणें, उतारा असेल तर देणें. दुसरें काम पुराव्याचें : कुपी, सिरिंज, सलाईनची बाटली टाकून न देतां जपून ठेवणें, आणि काय, किती व कोणत्या वेळीं गेलें हें केस-पेपरवर खरें लिहिणें, मागाहून खाडाखोड मुळींच न करणें. तिसरें काम सत्याचें : नातेवाइकांना बाजूला बसवून, काय घडलें व पुढें काय करीत आहों, हें त्यांच्या भाषेंत सांगणें. ज्या घराचा विश्वास एका चुकीनें डळमळतो, त्याचा तो लपवालपवीनें कायमचा तुटतो. चौथें काम शिकण्याचें : कांहीं दिवसांनीं सर्व संबंधितांनीं एकत्र बसून "कोणी केलें" याआधीं "कसें घडलें" हें विचारणें. थोडक्यांत टळलेल्या चुकांचीहि नोंद ठेवावी. त्या फुकट मिळालेला धडा असतात. भारतांत २०१० पासून औषध-दक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचें केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगांत असून, १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर औषधाचा त्रास डॉक्टरांप्रमाणें रुग्णहि कळवूं शकतो.

अशा व्यवस्थेला मोठी यंत्रसामग्री लागते, अशी समजूत असेल तर ती गडचिरोलीनेंच खोटी ठरविली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें १९८० नंतरच्या दशकांत मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलें, तेव्हां मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळां चालतो हें मोजणें जरूर होतें. पण गांवोगांवच्या सुईणींना मोठे अंक मोजतां येत नसत. म्हणून त्यांच्यासाठीं मण्यांचा श्वासमापक तयार करण्यांत आला. एका मिनिटाची वाळूची घटिका उलटी करावयाची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. घटिका संपण्यापूर्वीं शेवटच्या लाल मण्यापर्यंत हात पोंचला तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचें. तान्ह्या मुलांसाठीं एक रांग, मोठ्यांसाठीं दुसरी. पुढें १९९५ ते १९९८ या काळांत याच संस्थेनें ३९ गांवांत नवजात बालकांची घरींच शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला. मोजकी शाळा शिकलेल्या गांवच्या स्त्रियांनीं जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांना जेंटामायसिनचीं इंजेक्शनें दिलीं. हें औषध प्रमाणाबाहेर गेलें तर मूत्रपिंडाला व श्रवणशक्तीला अपाय करतें. म्हणून कोणतीं लक्षणें दिसलीं म्हणजे सुई टोचावयाची आणि कोणत्या अर्भकाला किती औषध द्यावयाचें, हें आधींच नेमून दिलेलें होतें. शिक्षण काटेकोर आणि देखरेख नियमित होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीं, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांशीं ताडून पाहतां, नवजात मृत्यूंचें प्रमाण सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें. हे निष्कर्ष १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं ज्यांच्यासाठीं आनंदवन वसविलें, त्या कुष्ठरुग्णांच्या औषधांतहि हीच युक्ति पुढें आली. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं बहुविध औषधांचा उपचार सुचविला. महिन्यांतून एकदां घ्यावयाच्या गोळ्या निराळ्या आणि रोजच्या गोळ्या निराळ्या. गोंधळाला भरपूर वाव. म्हणून अठ्ठावीस दिवसांचें एकच पान तयार झालें. आज कोणती गोळी घ्यावयाची तें पानच सांगतें, आणि काल घ्यावयाची राहिली असेल तर तेंहि पानच सांगतें.

मोठ्या रुग्णालयांना यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. पोटॅशियम क्लोराइडचें तीव्र द्रावण शिरेंत सरळ गेलें तर हृदय बंद पडतें. तें वॉर्डाच्या कपाटांत ठेवूंच नये, हा पाकिटाच्या रंगासारखाच उपाय आहे. सारख्या नांवांच्या व सारख्या कुप्यांच्या औषधांना वेगवेगळे कप्पे असावे. इन्सुलिन, हेपारिन, मॅग्नेशियम यांसारखीं औषधें दोघांनीं स्वतंत्रपणें तपासल्यावांचून देऊं नयेत. मुलाचें वजन किलोग्रॅममध्यें केस-पेपरच्या शिरोभागीं लिहिलेलें असावें. तोंडीं सांगितलेला हुकूम ऐकणाऱ्यानें परत म्हणून दाखवावा. औषध काढणाऱ्या परिचारिकेशीं त्या वेळीं कोणीहि बोलूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं औषधांमुळें होणारी गंभीर व टाळतां येण्याजोगी हानि पांच वर्षांत निम्म्यावर आणण्याचें आवाहन जगाला केलें, आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्ण-सुरक्षितता दिन पाळला जातो. परंतु अशीं आवाहनें खरीं होतात तीं वॉर्डांतील कपाटापाशीं.

शहरांतील घरांनींहि आपल्याला शेवटची चाळणी समजावें. दवाखान्यांत जातांना चालू असलेल्या सर्व औषधांचीं वेष्टणें बरोबर न्यावीं. पूर्वीं कोणत्या औषधाचा त्रास झाला तें न विचारतां सांगावें. नवें औषध मिळालें कीं तीन प्रश्न विचारावे : याचें नांव काय, हें कशासाठीं आणि किती दिवस? मुलांचें पातळ औषध स्वयंपाकघरांतील चमच्यानें न मोजतां बाटलीबरोबर आलेल्या मापानेंच मोजावें. खाटेवरील रुग्णाला परिचारिका कांहीं देऊं लागली तर त्याचें पूर्ण नांव तिला सांगावें. चांगली परिचारिका त्याचा राग मानीत नाहीं, तिला त्याचा आधारच वाटतो.

गडचिरोलीच्या सुईणीला शंभरपर्यंत मोजतां येत नव्हतें, हें कोणी लपविलें नाहीं आणि त्याबद्दल तिला हिणविलेंहि नाहीं. तिला दहापर्यंत मोजतां येतें एवढें धरून, उरलेलें काम मण्यांवर सोंपविलें. रुग्णालयांतील प्रत्येक थकलेल्या हाताशीं असा एखादा मणी असावा, एवढेंच मागणें आहे.